पोरीच्या गुडघ्याची वाटी सरकते. आत्ताच ऑपरेशन करायचं की सोळाव्या वर्षापर्यंत थांबायचं?

शिलाईवाली_दारव्हा
रविवार, रात्री १०.२०

नमस्कार. माझी पोरगी बारा वर्षं चार महिन्यांची आहे, सातवीत शिकते. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, दारव्हा तालुक्यातले. चार एकर कोरडवाहू, कपाशी अन् तूर. मी घरी शिलाई करते. पोरीच्या डाव्या गुडघ्याची वाटी बाहेरच्या अंगाला सरकते. गेल्या सव्वा वर्षात पाच वेळा झालं. दोन डॉक्टरांनी दोन टोकाचं सांगितलं, म्हणून इथं विचारून राहिली.

पहिल्यांदा शाळेच्या ग्राउंडवर झालं, खो-खोत. खांबाला वळसा घालताना पाय रोवलेला राहिला अन् अंग फिरलं. सरांनी पाय सरळ केला तर ‘कट्’ वाजून वाटी जागेवर गेली. तासाभरात गुडघा टरारून सुजला. एक्स-रे काढला, हाड मोडलं नाही म्हणाले, क्रेप बँडेज बांधलं अन् पंधरा दिवसांनी मोकळं केलं. मग एकदा संडासात बसताना, एकदा एसटीच्या पायरीवरून उतरताना, एकदा झोपेत कूस बदलताना.

पाचव्यांदा माझ्या डोळ्यासमोर. रीळ मशीनखाली घरंगळलं, ते काढायला ती वाकून वळली अन् किंचाळली. पाहते तर गुडघ्याच्या जागी समोर खळगा, आणि बाहेरच्या बाजूला कातडीखाली लिंबाएवढा गोळा. माझ्या हातची कैची खाली पडली. पोरगीच मला म्हणते, ‘आई, टाच धर, हळू सरळ कर, खेचू नको.’ तिला ते पाठ झालं होतं. मी टाच उचलली तशी वाटी सरकत सरकत आपली आत गेली.

दवाखान्यात पोचेपर्यंत गुडघा दिसायला साधाच. म्हणून आधी कोणी खरं मानलं नाही. शाळेत म्हणत, पी.टी. टाळायला नाटकं करते. खोटं कशाला बोलू, तिसऱ्या वेळी मी पण हेच म्हटलं होतं तिला.

आता डॉक्टरांचं. एकानं एमआरआय पाहून सांगितलं की आतला लिगामेंट तुटला आहे, नडगीचं हाड वरून कापून आत सरकवू अन् स्क्रू मारू, पुढच्या आठवड्यात या. दुसऱ्यानं सांगितलं की एवढ्या लहान पोरीला हात लावू नका, सोळा वर्षांची होऊ द्या, तोवर पट्टा बांधा. दोघंही शिकलेले. मी कोणाचं ऐकू?

आणखी एक गोष्ट, कामाची आहे का नाही माहीत नाही. तिचे गुडघे आतून एकमेकांना लागतात आणि टाचा लांब राहतात. मला हे कसं कळलं तर तिच्या सलवारी गुडघ्याच्या आतल्या बाजूनं आधी झिजतात. दोन्ही पायांच्या. मी तिथं आतून अस्तर लावते. डॉक्टरांनी पाय पाहिले नाहीत, फिल्म पाहिली.

पुढं तिला खाली बसता येईल का, मांडी घालता येईल का, हेही सांगा. सासूबाई लग्नाचं बोलतात, ते सोडून द्या.


कास्तकार_घाटंजी
रविवार, रात्री ११.०५

ताई, आमच्याकडं एक जुना हाडवैद्य आहे, लेप लावतो अन् पट्टी बांधतो. सात वेळा जा. चाकू लावायच्या आधी एकदा पाहून घ्या.


लालपरी_आर्वी
सोमवार, पहाटे ५.१०

ड्युटीवर निघायच्या आधी लिहून राहिलो, चुकलं-माकलं समजून घ्या.

घाटंजीचे भाऊ चांगल्या मनानं सांगून राहिले, पण मी माह्या पोरासाठी तेच केलं होतं. दीड वर्ष लेप. लेपानं सूज उतरते, वाटी सरकायची राहत नाई. त्या दीड वर्षात पोराची वाटी सहा-सात खेपा सरकली, अन् प्रत्येक खेपेला आतली गुळगुळीत कूर्चा खरवडली गेली. ते नंतर एमआरआयमध्ये दिसलं.

मी काही डॉक्टर नाई, एसटीत वाहक आहो. पण नागपूरला एका म्हाताऱ्या सर्जननं मले जे कागदावर काढून दाखवलं, ते मी आजपर्यंत विसरलो नाई. तो म्हणे, विहिरीची गडगडी पाहिली का? चाकाले खाच असते, खाचेत दोर चालते. मांडीचा स्नायू म्हणजे दोर, वाटी म्हणजे त्या दोराची गाठ, अन् मांडीच्या हाडाचं खालचं टोक म्हणजे गडगडी. दोर कवा सुटते? खाच उथळ असली तं सुटते. गाठ खाचेत शिरायच्या आधीच वर लोंबत असली तं सुटते. अन् ओढणारा माणूस विहिरीसमोर न राहता बाजूले उभा राहिला, तं हमखास सुटते. गुडघे आत वळलेले असले की दोर तिरपा ओढल्या जाते. हे तिसरं.

आता गाठ बाहेर पळू नये म्हणून आतल्या अंगानं देवानं एक दावं बांधलेलं असते. डॉक्टर त्याले एमपीएफएल म्हणतात. पहिल्या झटक्यात ते दावंच तुटते. मंग सगळे त्या दाव्याबद्दलच बोलतात. पण गाय दावं काऊन तोडून राहिली, हे कोन पाहीन?

तुमी सलवारीचं लिहिलं नं, ते मी दोनदा वाचलं. आमच्या पोराचं तसंच होतं. गुडघ्याला गुडघा लावून उभा केला की दोन घोट्यांच्या मधात अकरा सेंटीमीटर फट. तुमच्याजवळ टेप आहे. पोरीले सरळ उभी करा, वाट्या समोर, गुडघे नुसते टेकवा, अन् घोट्यांमधली फट मोजा. मंग सांगा.

बस लागली. रात्री लिहितो.


शिलाईवाली_दारव्हा
सोमवार, दुपारी १.३०

दादा, मोजली. नऊ सेंटीमीटर. दोनदा मोजली.


अचलपूरची_फिजिओ
सोमवार, दुपारी ३.१५

ताई, ऑपरेशनचं सर्जन ठरवतील, पण व्यायाम आजपासून सुरू करता येतो आणि तो दोन्ही वाटांवर लागणारच आहे. वाटी सरकली की मांडीचा पुढचा स्नायू, खास करून आतला भाग, आठ-दहा दिवसांत झोपून जातो. दोन्ही मांड्यांना वाटीच्या चार बोटं वर टेप लावा, डावी बारीक निघेल.

पाय लांब करून बसवा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, आणि गुंडाळी खाली दाबायला सांगा. दहा आकडे मोजेपर्यंत. मग पाय सरळ ठेवून वीतभर उचलणे. मग कुशीवर झोपून वरचा पाय बाजूला उचलणे, कारण कंबरेचा बाजूचा स्नायू कमजोर असला की चालताना गुडघा आत पडतो. हा शेवटचा सगळ्यात जास्त दुर्लक्षित.

एक घरची चाचणी सांगते. दुखत नसेल त्या दिवशीच करा आणि हात धरून ठेवा. पोरीला उंबरठ्यावर डाव्या पायावर उभी करा आणि उजवी टाच हळूच खाली टेकवायला सांगा. समोरून पाहा. डावा गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहतो की आतल्या बाजूला कोसळतो? कोसळत असेल तर मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. तपासणीच्या टेबलावर हे दिसत नाही.

बेडूक-उड्या, उठाबशा, पायऱ्यांवर धावणं सध्या बंद. शाळेला चिठ्ठी द्या. शिक्षा म्हणून उठाबशा काढायला लावतात अजून, म्हणून मुद्दाम लिहिते.


शिलाईवाली_दारव्हा
सोमवार, संध्याकाळी ७.००

मॅडम, उंबरठ्यावरचं केलं. गुडघा आत पडतो. उजवा पण पडतो, कमी. व्हिडिओ काढला.


हाडांचा_डॉक्टर_चंद्रपूर
सोमवार, रात्री ९.४५

फिल्म आणि मुलगी न पाहता मी तिला अमुकच करा असं सांगणार नाही. पण दोन सल्ल्यांमध्ये अडकलेल्या आईला त्या दोन्हींमागचं कारण कळायला हवं, म्हणून लिहितो.

मुलांच्या हाडांच्या टोकांजवळ वाढीची पट्टी असते. एक्स-रेत ती काळ्या रेघेसारखी दिसते. मांडीच्या हाडाची जवळपास ७० टक्के लांबी गुडघ्याजवळच्या पट्टीतून वाढते. नडगीच्या वरच्या टोकाला, वाटीची शीर (म्हणजे चिवट दोरासारखा बंध, रक्ताची नस नाही) जिथे चिकटते त्या उंचवट्याखालीही वाढीचा भाग असतो. तो उंचवटा कापून आत सरकवणं ही मोठ्या माणसांसाठी चांगली, जुनी शस्त्रक्रिया आहे. वाढत्या वयात केली तर समोरची वाढ थांबू शकते, मागची चालू राहते आणि गुडघा मागच्या बाजूला वाकू लागतो. म्हणून पट्टी उघडी असेल तर ती करत नाहीत. खाच खोल करण्याची शस्त्रक्रियाही त्याच कारणासाठी थांबवतात. तुमच्या पहिल्या डॉक्टरांना पट्टी उघडी आहे का, एवढा एकच प्रश्न विचारा.

दुसऱ्यांचं ‘थांबा’ हेही अर्धंच बरोबर आहे. पहिल्यांदा वाटी सरकली तर आपण बहुतेक मुलांना पट्टा आणि व्यायामावरच ठेवतो, हाड-कूर्चेचा तुकडा सुटून सांध्यात फिरत असेल तर गोष्ट वेगळी. तो तुकडा मोठा असेल तर लवकर उघडून जागेवर बसवावा लागतो. पहिल्या खेपेला तासाभरात गुडघा टरारून फुगणं म्हणजे सांध्यात रक्त, आणि अशा वेळी तुकड्याचा शोध घ्यायला हवा. तुमच्या एमआरआयच्या अहवालात त्याबद्दल काय लिहिलंय ते पाहा. पाच वेळा सरकल्यावर मात्र नुसतं थांबणं म्हणजे कूर्चा झिजू देणं.

आणि थांबण्याची दुसरी किंमत कोणी बोलून दाखवत नाही. मुलींची गुडघ्याजवळची वाढ साधारण १४ व्या वर्षाच्या आसपास आटोपते, मुलांची १६ च्या आसपास. आत वळलेले गुडघे वाढ चालू असेपर्यंत अगदी छोट्या शस्त्रक्रियेनं सरळ करता येतात. मांडीच्या हाडाच्या आतल्या बाजूला, वाढीच्या पट्टीवर उभी, इंग्रजी आठच्या आकाराची लहान प्लेट दोन स्क्रूंनी बसवायची, एक स्क्रू पट्टीच्या वर, एक खाली. आतली बाजू अडते, बाहेरची वाढत राहते, पाय हळूहळू सरळ होतो. वाढच संपली की ही प्लेट काही करू शकत नाही. मग हाड कापूनच सरळ करावं लागतं. सोळाव्या वर्षी तुम्ही याल तेव्हा हा दरवाजा बंद झालेला असेल. पाळी सुरू झाली का?

दाव्याचं आर्वीच्या भाऊंनी छान सांगितलं. ते दावं वाढत्या मुलांमध्येही नवं बांधता येतं. मांडीच्या मागच्या आतल्या बाजूची एक बारीक शीर काढून ती वाटीपासून मांडीच्या हाडापर्यंत बसवतात. हाडातली जागा वाढीच्या पट्टीपासून काही मिलिमीटरवरच असते, त्यामुळे ऑपरेशन चालू असताना सी-आर्मवर, म्हणजे थिएटरमधल्या चालू एक्स-रेच्या यंत्रावर, पाहत पट्टीच्या खालून भोक घ्यावं लागतं. आणि ते दावं घट्ट आवळायचं नसतं. गुडघा सरळ असल्यापासून वाकण्याच्या पहिल्या ३० अंशांपर्यंत ते वाटीला धरतं, पुढे वाटी खाचेत शिरली की खाचच सांभाळते. आवळलं तर गुडघा वाकत नाही आणि वाटीखालची कूर्चा दाबली जाते. ‘बाहेरची बाजू सैल करून देतो, तेवढ्यानं होईल’ असं कोणी म्हणालं तर दुसरा सल्ला घ्या. एकट्या त्यानं वाटी थांबत नाही.

तपासण्यांमध्ये उभं राहून काढलेला, खुब्यापासून घोट्यापर्यंतचा लांब एक्स-रे सगळ्यात महत्त्वाचा. त्याला स्कॅनोग्राम म्हणतात. सोबत गुडघ्याचा बाजूनं एक्स-रे, म्हणजे वाटी उंच बसली आहे का ते कळतं, आणि हाडाचं वय पाहायला डाव्या हाताचा. अंगठा मनगटाला टेकतो का, कोपर उलट वाकतं का हेही डॉक्टर पाहतील. सांधे सैल असले तर नवं दावंही ताणायची भीती जास्त.

आपल्या भागात एक तपासणी मी कधीच चुकवत नाही, सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार. गुडघ्याच्या ऑपरेशनात मांडीवर रक्त थांबवणारा पट्टा आवळतात. सिकलचा रुग्ण असेल तर त्यात धोका, वाहक (स्वतःला आजार नाही, पण त्याचा एक जनुक अंगात आहे) असेल तरी भूलतज्ज्ञांना आधी माहीत असलेलं बरं.

धोके सांगायचे तर वाटी पुन्हा सरकणं, गुडघा आखडणं, वाटीला तडा, जंतुसंसर्ग. बहुतेक मुलांचं चांगलं होतं. सगळ्यांचं होतं असं म्हणणाऱ्यापासून जपून राहा.


शिलाईवाली_दारव्हा
सोमवार, रात्री १०.३०

डॉक्टरसाहेब, पाळी सुरू होऊन दोन महिने झाले. अहवालात ‘सुटा तुकडा नाही’ असं लिहिलं आहे, कूर्चेवर ओरखडा आहे लिहिलं आहे. माझी नणंद सिकलची आहे. पोरीची तपासणी केली नव्हती कधी. उद्याच आरोग्य केंद्रात नेते.


हाडांचा_डॉक्टर_चंद्रपूर
सोमवार, रात्री १०.४०

पाळी सुरू झाल्यावर साधारण दोन वर्षांत ही वाढ संपते. म्हणजे वेळ आहे, पण वाया घालवण्याइतका नाही. स्कॅनोग्राम या महिन्यात करून घ्या.


पुसदची_पोरगी
मंगळवार, सकाळी ८.२०

मी वीस वर्षांची आहे. मला पण ‘मोठी होऊ दे’ सांगितलं होतं. अकरा वेळा सरकली. शेवटी अठराव्या वर्षी नडगीचा उंचवटा सरकवला, दोन स्क्रू आणि नवी शीर. आता सरकत नाही, पण जिना उतरताना वाटीखाली करकर वाजते आणि दुखतं, ते कूर्चेचं आहे, ते परत येत नाही म्हणाले.

काकू, एक विनंती. तिला म्हणा की आम्हाला खरं वाटतं. माझ्या घरी हे कोणी म्हटलं नाही. सरकायच्या आधी एक क्षण येतो, वाटी निसटणार हे आतून कळतं, आणि मग चालणंच बदलतं. मी चार वर्षं बाजाराच्या गर्दीत गेले नव्हते, कोणाचा धक्का लागेल म्हणून. बाहेरून ते नखरे दिसतात.


लालपरी_आर्वी
मंगळवार, रात्री ९.१५

काल रात्री लिहितो म्हटलं अन् गाडी पुलगावले बंद पडली. असो. साहेबांनी माह्यापेक्षा बरं सांगितलं. मी आता फक्त ते सांगतो जे दवाखान्यात सांगतात पण घरी आल्यावर आपण विसरतो.

पोराले जानेवारी २०२१ मध्ये दोन्ही मांड्यांत प्लेटा बसवल्या. साडेतेरा वर्षांचा होता. दोन बोटांएवढा टाका, तिसऱ्या दिवशी घरी, पंधरा दिवसांनी शाळेच्या ऑनलाइन वर्गात पाय हलवत बसला होता. सोपं वाटलं. इथंच माणूस फसते. डॉक्टरनं सांगितलं होतं, दर तीन महिन्यांनी दाखवा, सरळ झाला की प्लेट काढायची. महिन्याले एखादा अंश फिरते, कधी कमी. पहिल्या तीन तारखा मी गेलो. मंग त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुमारास एसटीचा संप लागला. पगार बंद. घरात पोरगा चालून राहिला, पाय सरळ दिसून राहिले, म्हटलं संप मिटला की जाऊ. संप मिटला एप्रिलमध्ये.

स्कॅनोग्राम लावला तं डावा पाय सरळ होऊन पलीकडं गेला होता, जरासा कमानीसारखा. प्लेटेला काय माहीत की आपलं काम झालं. ते अडवतच राहते. डॉक्टर रागावले नाई, पण चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्याच दिवशी तारीख दिली, दोन्ही प्लेटा काढल्या अन् त्याच बैठकीत उजव्या गुडघ्याले नवं दावं. नशीब असं की पोराची वाढ थोडी बाकी होती, तं डावा पाय वर्षभरात थोडा परत आला. चूक माहीच.

म्हणून ताई, प्लेट बसवायची ठरली तं काढायची तारीखही त्याच दिवशी लिहून घ्या. वेचणी असो, लग्न असो, तारीख चुकवायची नाई.

दाव्याच्या ऑपरेशनचं सांगतो. पहिले चार-सहा आठवडे लांब पट्टा अन् कुबड्या. दीड महिन्यात काटकोनाएवढा गुडघा वाकायले पाहिजे, तिथं पोरं रडतात. आमच्या घरी बाजेवर पोटावर झोपवून त्याची आई टाच ढुंगणाकडं नेत जाय, अन् दोघंही रडत. फिजिओले विचारल्याशिवाय ते करू नका, जोर लावायचा नसते. चार महिन्यांनी पळाला, नऊ महिन्यांनी व्हॉलीबॉल. आज आयटीआयले आहे, इलेक्ट्रिशियन. खांबावर चढते. मी खाली उभा राहतो तेव्हा मलेच घाम.

मांडी घालते, खाली बसते. संडासले पहिले तीन महिने प्लॅस्टिकची खुर्ची मधात कापून वापरली.


कास्तकार_घाटंजी
मंगळवार, रात्री ९.५०

मी लेपाचं लिहिलं ते मागं घेतो. माह्या भाचीचे पाय पण असेच आहेत. नऊ वर्षांची आहे. तिची वाटी सरकत नाई, पण गुडघे लागतात.


अचलपूरची_फिजिओ
बुधवार, सकाळी ७.३०

घाटंजीचे दादा, तीन-चार वर्षांच्या लेकरांचे गुडघे आत असतातच, सात-आठपर्यंत आपोआप सरळ होतात. नवव्या वर्षी फट मोठी असेल तर मात्र दाखवा. अंगणवाडी-शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्यची गाडी येते, अठरा वर्षांपर्यंतची मुलं तपासतात, त्यांना नाव लिहून द्या. पायांचं कोणी आपणहून सांगत नाही, म्हणून राहून जातं.


शिलाईवाली_दारव्हा
साडेपाच महिन्यांनंतर, रविवार, रात्री ९.००

सगळ्यांना नमस्कार. बरेच जण मेसेजमध्ये विचारतात म्हणून लिहिते.

पहिल्या डॉक्टरांना ‘पट्टी उघडी आहे का’ विचारलं. त्यांनी फिल्म खिडकीच्या उजेडाला धरली, थोडा वेळ पाहिली आणि म्हणाले, नागपूरला लहान मुलांची हाडं पाहणाऱ्याला दाखवा. राग आला होता मला, पण चिठ्ठी त्यांनीच लिहून दिली.

स्कॅनोग्रामला पोरीला लाकडी स्टुलावर उभी केली, फिल्म तिच्याएवढी उंच. डॉक्टरांनी त्यावर पेन्सिलनं खुब्यापासून घोट्यापर्यंत सरळ रेघ मारली. रेघ गुडघ्याच्या मधून जायला पाहिजे, ती बाहेरून गेली. मला शिवणकामात कळतं तसं कळलं, कापड तिरपं कापलेलं असलं की वरून कितीही इस्त्री करा, शिवण फिरतेच.

ऑगस्टमध्ये एकाच वेळी दोन्ही पायांत प्लेटा आणि डाव्या गुडघ्याला नवं दावं. सिकलची तपासणी झाली होती, वाहक निघाली. भूलतज्ज्ञांना कागद दाखवला तर ते म्हणाले, बरं केलं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राकडं, म्हणजे दवाखान्यातल्या योजनेच्या माणसाकडं, आधी गेलो होतो. काय बसतं, काय नाही हे त्यानं तोंडी सांगितलं, मी म्हटलं कागदावर लिहा. पट्टा अन् गाडीभाडं आमच्या खिशातून गेलं.

पहिला महिना वाईट गेला. खरं सांगते, काटकोनापर्यंत वाकायला सात आठवडे लागले, सहा नाही. फिजिओ मॅडमनी व्हिडिओ कॉलवर शिवी सोडून सगळं दिलं मला, कारण मी तिला उचलून उचलून नेत होती. आता पट्टा नाही. अर्धी बसते, पूर्ण बसायला अजून परवानगी नाही. एकदाही सरकली नाही.

पुसदच्या पोरीनं लिहिलं होतं ते तिला वाचून दाखवलं. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाली, तिला विचार, झोपेत पण भीती वाटत होती का.

घोट्यांमधली फट दर महिन्याच्या एक तारखेला मोजते, ब्लाऊजच्या मापांच्या वहीत शेवटच्या पानावर. नऊ, साडेआठ, आठ, सव्वासात. पुढची तारीख वीस जानेवारी. वेचणीला मजूर मिळत नाही अन् घरचे म्हणतात दहा दिवस पुढं ढकल. मी वहीचं पान दाखवलं आणि आर्वीच्या दादांचं लिहिलेलं वाचून दाखवलं. जातो आहे.


लालपरी_आर्वी
रविवार, रात्री १०.१०

सव्वासात! वा!

विसले सकाळच्या गाडीनंच निघा, दुपारी ओपीडीची गर्दी. अन् वाहकाले सांगून दाराजवळची पहिली सीट मागा, तिथं समोर पाय लांब करता येते. उतरताना चांगला पाय वर, दुखरा पाय आधी खाली. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय उठू देऊ नका.